जीन्स २०,००० आणि अँटीबॉडी अब्जावधी, हा हिशोब बसतो कसा?

प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्यात. माणसाच्या जीनोममध्ये प्रथिनं बनवणारी जीन्स जेमतेम २०,००० च्या आसपास, मग शरीर अब्जावधी प्रकारच्या अँटीबॉडी बनवतं कसं. सगळ्या अँटीबॉडी त्याच वाय आकाराच्या तर त्यांच्यात फरक नेमका कुठे असतो. आणि एकाच व्हायरसविरुद्ध दोन माणसांमध्ये तीच अँटीबॉडी बनते का. अँटीबॉडी शुद्ध करणं आणि त्यांचे सीक्वेन्स वाचणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी एक समज काढून टाकूया, कारण तो डोक्यात राहिला की पुढचं सगळं उलटंच कळतं. बऱ्याच जणांना वाटतं की जंतू आत आला, शरीराने त्याला बघितलं आणि मग त्याच्या मापाची अँटीबॉडी घडवली. असं वाटणं साहजिक आहे, लायनस पॉलिंगसारख्या दिग्गज रसायनशास्त्रज्ञाने १९४० मध्ये साधारण हेच मांडलं होतं, की अँटीबॉडीची साखळी अँटिजेनच्या, म्हणजे जंतूच्या ज्या भागाला ती धरते त्याच्या, अंगाला लागून घडी घेते आणि त्याला जुळेल असा आकार धरते. प्रत्यक्षात क्रम बरोबर उलटा आहे. अँटीबॉडी आधी बनते, कुठलाही जंतू न बघता, आणि जंतू आल्यावर आधीच तयार असलेल्या असंख्य पेशींमधून जिची अँटीबॉडी थोडीफार चिकटते ती पेशी निवडली जाते आणि तिची पिलावळ वाढते. मॅकफार्लेन बर्नेटने १९५७ मध्ये ही निवडीची कल्पना मांडली आणि आज सगळं इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्र, त्यावर उभं आहे. त्यामुळे विचारायचं ते हे, की न बघता एवढा प्रचंड साठा तयार होतो तरी कसा.

त्यासाठी आधी रचना. रक्तात सगळ्यात जास्त असते ती आयजीजी या प्रकारची अँटीबॉडी, तीच धरून चालू. तिच्यात चार साखळ्या असतात, दोन हेवी आणि दोन लाइट. हेवी साखळी साधारण ४५० अमिनो आम्लांची, वजन ५० किलोडाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक), लाइट साखळी त्याच्या निम्मी, म्हणजे २१५ च्या आसपास अमिनो आम्लं आणि २५ किलोडाल्टन. दोन्ही हेवी एकमेकींशी आणि प्रत्येक लाइट आपापल्या हेवीशी डायसल्फाइड बाँडने, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंमधल्या बंधाने, बांधलेली, सगळं मिळून १५० किलोडाल्टन. लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना मी हे पुस्तकातून शिकवत नाही, सरळ जेल चालवायला लावते, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करायला. एकच अँटीबॉडी दोन लेनमध्ये टाकायची, एकीत तशीच आणि दुसरीत हे बाँड तोडणारं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालून उकळलेली. पहिल्या लेनमध्ये १५० च्या जवळ एकच बँड येतो, दुसऱ्या लेनमध्ये तो पूर्ण गायब आणि त्याच्या जागी ५० आणि २५ वर दोन स्वच्छ बँड. बाँड तुटले, साखळ्या सुट्या झाल्या, बस. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढे इम्युनोप्रेसिपिटेशन केल्यावर, म्हणजे अँटीबॉडी घालून हवं ते प्रथिन ओढून काढल्यावर, तपासणीच्या ब्लॉटवर ५० आणि २५ ला जाड बँड दिसले तर माणूस उगाच हरखून जात नाही, ते बहुतेक वेळा आपणच घातलेल्या अँटीबॉडीचे असतात, आपल्या प्रथिनाचे नाही.

प्रत्येक साखळी म्हणजे लांबच लांब धागा नसतो. साधारण ११० अमिनो आम्लांचा एक घट्ट गोळा, त्याला आपण डोमेन म्हणतो, असे गोळे एकापुढे एक, लाइटमध्ये दोन आणि आयजीजीच्या हेवीमध्ये चार. प्रत्येक डोमेनमध्ये दोन बीटा शीट, म्हणजे शेजारी शेजारी धागे लागून बनलेले सपाट पदर, समोरासमोर आणि मध्ये एक डायसल्फाइड बाँड. ही घडी इतकी भक्कम आहे की शीटच्या एका धाग्याकडून दुसऱ्या धाग्याकडे वळणारे जे लूप असतात त्यात वाट्टेल तसे बदल केले तरी बहुधा मूळ सांगाडा हलत नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, अँटीबॉडीचं सगळं वैविध्य याच एका सोयीवर पोसलेलं आहे.

रॉडनी पोर्टरने १९५९ मध्ये सशाची आयजीजी पपेन एन्झाइमने कापली तेव्हा तीन तुकडे मिळाले. दोन एकसारखे, जे अँटिजेनला चिकटायचे, त्यांना फॅब म्हणतात, आणि तिसरा चिकटत नव्हता पण थंडीत सहज स्फटिक व्हायचा, तो एफसी. आता स्फटिक व्हायला रेणू सगळे एकसारखे लागतात, म्हणजे सशाच्या रक्तात हजारो प्रकारच्या अँटीबॉडी असूनही त्यांचा एफसी भाग मात्र जवळपास तोच होता, हे त्या एका निरीक्षणातच दडलेलं होतं. पपेन बिजागरीच्या, म्हणजे हिंजच्या, वरच्या बाजूला कापतं. पेप्सिन खालच्या बाजूला कापतं, त्यामुळे दोन्ही फॅब जोडलेलेच राहतात आणि एफसीचे बारीक तुकडे होतात. कित्येक अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरची औषधं, याच पद्धतीने बनतात, घोड्याच्या अँटीबॉडीचा एफसी काढून टाकला की विष पकडणारे हात तेवढे शिल्लक राहतात. जेराल्ड एडलमनने त्याच काळात साखळ्या वेगळ्या करून दाखवल्या आणि १९७२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

आता वैविध्य डोळ्यांनी बघायचं असेल तर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे रक्तातली प्रथिनं विजेने वेगळी करणाऱ्या तपासणीचा, एखादा साधा ग्राफ घ्या. अल्ब्युमिनचं टोकदार शिखर दिसतं, कारण अल्ब्युमिनचे सगळे रेणू एकसारखे. शेवटी जो गॅमाचा भाग येतो तिथे शिखर नसतं, पसरट बुटकी टेकडी असते, कारण तिथे असंख्य वेगवेगळ्या अँटीबॉडी आहेत आणि प्रत्येकीचा विद्युतभार थोडा थोडा वेगळा, त्यामुळे सगळ्या विखुरतात. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात एकच प्लाझ्मा सेल, म्हणजे अँटीबॉडी ओतणारी पेशी, बेसुमार वाढतो, एकच अँटीबॉडी ओतत राहतो, आणि त्याच टेकडीतून सुईसारखा काटा वर येतो. ती एकट्या अँटीबॉडीची सही. कॅप्पा आणि लॅम्डा या दोन प्रकारच्या लाइट साखळ्यांचं प्रमाण एकदम एका बाजूला झुकलं की डॉक्टर सावध होतात ते यामुळेच, एका पेशीकडे दोनपैकी एकच प्रकार असतो.

आणि या आजारानेच विज्ञानाला वाट दाखवली. सामान्य रक्तातून एक शुद्ध अँटीबॉडी वेगळी करणं त्या काळी अशक्य होतं, तर तिचा क्रम वाचणार कुठून. मायलोमाच्या रुग्णांच्या लघवीत जे बेन्स जोन्स प्रोटीन सापडतं ते म्हणजे सुट्या लाइट साखळ्या, एकाच जातीच्या, भरपूर. हिल्शमन आणि क्रेग यांनी १९६५ मध्ये वेगवेगळ्या रुग्णांमधल्या अशा साखळ्यांचे क्रम शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मागचा अर्धा भाग जवळपास जसाच्या तसा आणि पुढचा अर्धा भाग जागोजागी वेगळा. एकाच प्रथिनात एक अर्धा भाग दगडासारखा स्थिर आणि दुसरा पाण्यासारखा बदलता, असं आधी कुठल्याच प्रथिनात बघितलेलं नव्हतं. पुढे १९७० मध्ये वू आणि काबाट यांनी दाखवलं की त्या बदलत्या अर्ध्या भागातसुद्धा बदल सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत, तीन छोट्या पट्ट्यांमध्ये ते गर्दी करतात. त्याच पट्ट्या म्हणजे मघाशी सांगितलेले लूप, त्यांना आज सीडीआर म्हणतात. हेवीचे तीन, लाइटचे तीन, असे सहा लूप फॅबच्या टोकाला एकत्र येतात आणि अँटिजेनला धरतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. वाय तोच, सांगाडा तोच, फरक आहे तो मुख्यतः टोकाच्या या सहा लूपमध्ये, आणि त्यातही हेवीचा तिसरा लूप, सीडीआर-एच३, तो एकटा बाकी पाचांना भारी पडतो. का, ते पुढे येतंच.

एक अर्धा स्थिर आणि एक बदलता, हे जीनच्या पातळीवर बसवायचं कसं? अब्जावधी जीन्स असतील म्हणावं तर डीएनए पुरत नाही, आणि एकच जीन सतत बदलतं म्हणावं तर मागचा भाग का बदलत नाही. ड्रेयर आणि बेनेट यांनी १९६५ मध्येच धाडसाने म्हटलं होतं की दोन भागांची जीन्स वेगळी असतील आणि पेशीत ती जोडली जात असतील. एक जीन एक साखळी हा तेव्हाचा पक्का नियम, त्यामुळे बहुतेकांना ते पटलं नाही. पुरावा आला १९७६ मध्ये. बाझेलच्या इम्युनॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये होझुमी आणि सुसुमु टोनेगावा यांनी उंदराच्या गर्भाचा डीएनए आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या ट्यूमरचा डीएनए एकाच एन्झाइमने कापला आणि लाइट साखळीचं जीन कुठल्या तुकड्यात येतं ते बघितलं. गर्भात ते दोन वेगळ्या तुकड्यांवर होतं, ट्यूमरमध्ये एकाच तुकड्यावर. म्हणजे पेशीने स्वतःचा डीएनए कापून, मधला भाग फेकून, टोकं जोडली होती. शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो हे आपण शाळेत शिकतो, आणि इथे एक पेशी आपला डीएनए कायमचा बदलून टाकते. मला आजही हा प्रयोग शिकवताना अंगावर काटा येतो. टोनेगावांना १९८७ चं नोबेल एकट्याला मिळालं.

आता हिशोब. हेवी साखळीचा बदलता भाग तीन तुकड्यांतून जुळतो, व्ही, डी आणि जे. माणसात हे सगळं १४ व्या क्रोमोसोमवर आहे, चालणारी व्ही साधारण ४०, डी २३, जे ६. प्रत्येकी एक उचलायचा, म्हणजे ४० × २३ × ६ = ५,५२०. लाइटला डी नसतो, कॅप्पाचे ४० × ५ म्हणजे २००, लॅम्डाचे ३० × ४ म्हणजे १२०, मिळून ३२०. कुठलीही हेवी कुठल्याही लाइटशी जुळली असं धरलं तर ५,५२० × ३२० म्हणजे साडेसतरा लाखांच्या वर. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक थोडे बदलतात, आणि सगळे तुकडे सारख्या प्रमाणात वापरलेही जात नाहीत. पण बरीचशी माहिती इथेच थांबते आणि वाचणाऱ्याला वाटतं की वैविध्याचं गुपित म्हणजे ही जुळणी. तसं नाही. साडेसतरा लाख ही अब्जावधीच्या मानाने किरकोळ रक्कम आहे, खरी मेख जोडाच्या जागी आहे.

हे तुकडे कापणारं एन्झाइम रॅग, त्याची रॅग१ आणि रॅग२ ही दोन जीन्स १९८९-९० मध्ये डेव्हिड बाल्टिमोरच्या लॅबमध्ये सापडली. प्रत्येक तुकड्याच्या कडेला डीएनएच्या ७ अक्षरांची आणि ९ अक्षरांची खूण असते, मध्ये १२ किंवा २३ अक्षरांची मोकळी जागा, आणि १२ वाली खूण फक्त २३ वालीशीच जुळते, त्यामुळे व्ही चुकून सरळ जे ला जोडला जात नाही, मध्ये डी यावाच लागतो. इथपर्यंत सगळं काटेकोर. पण रॅगने कापल्यावर डीएनएच्या टोकाला हेअरपिन, म्हणजे दोन्ही धागे जोडलेलं बंद टोक, तयार होते, ती आर्टेमिस नावाचं दुसरं एन्झाइम उघडतं आणि नेमक्या कुठल्या अक्षरावर उघडेल याचा भरवसा नाही. मग काही अक्षरं कुरतडली जातात. मग टीडीटी येतं, आणि हे एन्झाइम खरंच विलक्षण आहे, कारण डीएनए बनवणारी बाकीची एन्झाइम्स, म्हणजे पॉलिमरेज, समोरची साखळी वाचून अक्षरं लावतात आणि हे मात्र समोर काही नसताना, मनाला येईल तशी अक्षरं जोडत सुटतं. ही अक्षरं जीनोममध्ये कुठेच लिहिलेली नसतात, आईवडिलांकडून आलेली नसतात, त्या एका पेशीत त्या एका क्षणी जन्मलेली असतात. आणि हा जोड पडतो कुठे, तर बरोबर सीडीआर-एच३ मध्ये, सहा लूपच्या ऐन मध्यभागी. सीडीआर १ आणि २ व्ही तुकड्यात आधीच लिहिलेले असतात, तिसरा लूप मात्र अक्षरशः जागेवर तयार होतो, लांबीसुद्धा ठरलेली नाही, माणसात सरासरी १५ च्या आसपास अमिनो आम्लं, पण काहींत ३० च्या वर. रोज सीक्वेन्स बघताना आम्ही व्ही आणि जे चटकन ओळखतो, डी शोधताना मात्र डोकं खाजवावं लागतं, दोन्ही बाजूंनी इतका कुरतडलेला असतो की कधी कधी पाच-सात अक्षरंच उरतात आणि ती नक्की कुठल्या डी ची हे सांगताच येत नाही.

हे सगळं धरलं की शक्य अँटीबॉडींचा आकडा १० च्या १३ व्या घाताच्याही पुढे जातो. माणसाच्या शरीरात एका वेळी असलेल्या बी सेल्सपेक्षाही, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींपेक्षाही, तो कितीतरी मोठा, म्हणजे जे शक्य आहे त्यातला छोटासाच भाग कुठल्याही एका माणसात प्रत्यक्षात उतरतो.

याची किंमतही मोठी आहे. अक्षरं तीन-तीनच्या गटात वाचली जातात, आणि जोडाच्या जागी कितीही अक्षरं कमी-जास्त होऊ शकतात, म्हणून तीनपैकी दोन जोड वाचनाची चौकट बिघडवतात आणि साखळी बनतच नाही. पेशीला आई आणि बाप यांच्याकडचे मिळून दोन प्रयत्न मिळतात. फक्त चौकटीचा विचार केला तरी दोन्ही फसण्याची शक्यता नऊपैकी चार, म्हणजे हेवी साखळीच्या टप्प्यावरच १०० पैकी ४४ पेशी बाद. पहिला प्रयत्न जमला की दुसरा बंद केला जातो, त्यामुळे एका पेशीवर एकाच प्रकारची अँटीबॉडी राहते. हे फार महत्त्वाचं आहे, कारण निवड करायची तर एका पेशीचा एकच उमेदवार हवा. त्यातून पुढे ज्या पेशींची अँटीबॉडी स्वतःच्याच शरीराला धरते त्यांना एकतर लाइट साखळी पुन्हा जुळवायची संधी मिळते, नाहीतर त्या मरतात किंवा निष्क्रिय होतात. रॅग मुळीच चालत नसेल तर बी सेल्स आणि प्रतिकाराच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी, म्हणजे टी सेल्स, दोन्ही तयार होत नाहीत आणि बाळ गंभीर इम्युनोडेफिशियन्सी, म्हणजे प्रतिकारशक्तीची उणीव, घेऊन जन्माला येतं.

एवढं होऊनसुद्धा पहिल्यांदा निवडली गेलेली अँटीबॉडी बहुतेक वेळा साधारणच असते, धरते पण सैल. मग लिम्फ नोडमधल्या (लसिका ग्रंथीतल्या) जर्मिनल सेंटर नावाच्या जागेत दुसरी फेरी. तासुकु होंजो यांच्या लॅबने १९९९ मध्ये शोधलेलं एआयडी नावाचं एन्झाइम डीएनएतल्या सायटोसिन या अक्षराचं युरॅसिल करतं, दुरुस्ती यंत्रणा धावून येते, आणि ती दुरुस्ती चुका करत होते. बदलत्या भागात हजार अक्षरांमागे एका विभाजनात साधारण एक बदल, म्हणजे नेहमीच्या दराच्या जवळजवळ दहा लाख पट. बरेचसे बदल निरुपयोगी, काही घातक, एखादा पकड घट्ट करणारा, आणि अँटिजेन मर्यादित असल्यामुळे जास्त घट्ट धरणारी पेशीच टिकते. लशीच्या दोन डोसमध्ये अंतर का ठेवतात त्याचं एक मोठं कारण हे आहे, या फेऱ्यांना वेळ लागतो.

तेच एआयडी अँटीबॉडीचा क्लास, म्हणजे प्रकारही बदलतं. हे थोडक्यात सांगते. सुरुवात आयजीएमपासून होते, पाच वाय एकत्र, दहा हात, प्रत्येक हाताची पकड सैल असली तरी दहा मिळून घट्ट. मग पेशी बदलता भाग तोच ठेवून मागचा स्थिर भाग बदलते, आयजीजी, आयजीए किंवा आयजीई. मधला डीएनए कापून फेकलेला असल्यामुळे परत आयजीएमकडे जाता येत नाही. आयजीजी प्लासेंटा ओलांडते आणि एफसीआरएन या रिसेप्टरमुळे रक्तात तिचं अर्धायुष्य २१ दिवसांच्या आसपास, आयजीए लाळ, दूध आणि आतड्यात जोडीने वावरते, आयजीई ॲलर्जी आणि कृमींशी संबंधित. ज्यांच्यात एआयडी जन्मतःच बिघडलेलं असतं त्यांच्यात आयजीएम भरपूर, बाकी सगळं नावापुरतं, आणि पकडही सुधारत नाही, २००० साली असे रुग्ण अभ्यासले गेले तेव्हा दोन्ही कामं एकाच एन्झाइमची हे पक्कं झालं.

निसर्गात हाच प्रश्न इतरांनी वेगळा सोडवलाय हेही सांगायला हवं. उंटांच्या रक्तात नेहमीच्या अँटीबॉडींबरोबर लाइट साखळी मुळीच नसलेल्या अँटीबॉडीही असतात, हे १९९३ मध्ये ब्रसेल्सच्या गटाने दाखवलं, त्यांचा एकटा डोमेन १५ किलोडाल्टनचा, नॅनोबॉडी म्हणून आता औषधात वापरतात. गाईच्या काही अँटीबॉडींमध्ये सीडीआर-एच३ तब्बल ६० अमिनो आम्लांच्या वर जातो, देठावर गाठ असावी तसा बाहेर आलेला. कोंबडी तर मोजकेच तुकडे वापरते आणि शेजारच्या निकामी जीन्समधून अक्षरं उचलून त्यात भरते.

राहिला तिसरा प्रश्न. एवढी यादृच्छिकता बघून वाटेल की दोन माणसांच्या अँटीबॉडी कधीच सारख्या नसणार, आणि सीडीआर-एच३ अक्षर अन् अक्षर जुळावा असं खरंच क्वचित घडतं. पण काही व्हायरसना धरायचा सोपा उपाय जन्मजात व्ही तुकड्यातच असतो, आणि मग अनोळखी माणसं त्याच उत्तरापाशी पोचतात. कोविडच्या स्पाइकवरच्या रिसेप्टर बांधणाऱ्या भागाविरुद्ध असंख्य लोकांमध्ये व्ही३-५३ किंवा व्ही३-६६ हे व्ही तुकडे आणि आखूड सीडीआर-एच३ अशाच अँटीबॉडी सापडल्या. फ्लूच्या हिमॅग्लुटिनिन या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या देठाला धरणाऱ्या अँटीबॉडीत व्ही१-६९ पुन्हा पुन्हा दिसतो, त्यात तर बरंचसं काम दुसरा लूपच करतो. आता लस बनवणारे याच गोष्टीचा उपयोग करून घेताहेत. एचआयव्हीच्या अनेक जातींना रोखणाऱ्या व्हीआरसी०१ प्रकारच्या अँटीबॉडीला व्ही१-२ लागतो आणि लाइटचा तिसरा लूप फक्त पाच अमिनो आम्लांचा लागतो, अशी पेशी दुर्मिळ, पण बहुतेकांमध्ये असते. नेमकी तीच पेशी जागी व्हावी म्हणून मुद्दाम घडवलेला अँटिजेन माणसांना दिला गेला, आणि २०२२ मध्ये निकाल आले तेव्हा लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांमध्ये त्याच प्रकारच्या बी सेल्स सापडल्या. ती फक्त पहिली पायरी आहे, त्या पेशींना पुढच्या डोसांनी योग्य बदलांपर्यंत नेणं हे अवघड काम अजून चालू आहे.